दहा बाय दहाची ताडपत्री आणि परतीचा पाऊस: एका रात्रीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. हस्त सरून चित्रा लागलं होतं. मॉन्सूनने राज्यातून काढता पाय घेतला होता, तरी पुण्याच्या घाटमाथ्याला विजांसह पावसाचा यलो अलर्ट होता. आम्ही तिघे भोर तालुक्यात, नीरा देवघर धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत मुक्कामाला निघालो. तंबू न्यायचा नाही, झाडाला हॅमॉक, म्हणजे कापडी झोळी, टांगून झोपायचं, असं ठरलं होतं. वाडीतले एक शेतकरी मामा ओळखीचे, त्यांच्या मालकीच्या रानात झोपायला त्यांची हरकत नव्हती.

तिघांची नावं इथे देत नाही. एक वकील आहे, त्याला वकीलच म्हणतो. दुसरा माझा मावसभाऊ, वय चोवीस, तो धाकटा. तिसरा मी, आणि सामान ठरवण्याची जबाबदारी माझी. म्हणजे पुढे जे चुकलं त्यातला मोठा वाटा कोणाचा, हे इथेच सांगून टाकतो.

हॅमॉक तिघांचे जवळपास सारखे होते, अकरा फुटी. असा हॅमॉक नीट टांगला की त्याच्या दोन टोकांतलं अंतर त्याच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के राहतं, म्हणजे नऊ फुटांच्या किंचित वर. ताडपत्रीचा हिशेब इथूनच सुरू होतो, कारण झाकायचे आहेत ते हे नऊ फूट.

अडचण

परतीचा पाऊस आषाढातल्यासारखा दिवसभर रिपरिपत नाही. दुपारभर उकडतं, संध्याकाळी ढग चढतात, पावसाआधी गार वाऱ्याचा एक लोट येतो आणि मग अर्धा-पाऊण तास झोडपून काढतो. वाऱ्याला एक दिशा नसते. जुलैमध्ये वारा पश्चिमेकडून येणार हे धरून चालता येतं. ऑक्टोबरमध्ये तो पूर्वेकडून सुरू होऊन मध्येच पाठ फिरवतो.

जमिनीवरच्या तंबूला चारी बाजूंनी भिंती असतात. हॅमॉकमध्ये झोपलेला माणूस कमरेएवढ्या उंचीवर लोंबकळत असतो आणि त्याच्या अंगावर फक्त एक छप्पर असतं. त्यामुळे पाऊस किती पडणार याच्याइतकाच तो किती तिरपा येणार हा प्रश्न महत्त्वाचा. आम्ही पहिल्यावर तासभर बोललो, दुसऱ्याचा विषयही निघाला नाही.

विचारात घेतलेले पर्याय

माझ्याकडे दहा बाय दहा फुटांची सिलिकॉन लावलेल्या नायलॉनची चौकोनी ताडपत्री होती. वजन अर्धा किलो, गुंडाळली की पाण्याच्या बाटलीएवढी. ती दोन प्रकारे लावता येते. कणा, म्हणजे मधली उंच रेघ, बाजूंना समांतर ठेवून सरळ लावली तर कणा दहा फुटांचा होतो आणि हॅमॉकच्या दोन्ही टोकांपुढे जेमतेम पाच-पाच इंच कापड उरतं. कोपऱ्यावर टांगून पतंगासारखी लावली तर कणा चौदा फुटांचा होतो आणि दोन्ही टोकांना अडीच-अडीच फूट कापड पुढे येतं. डोकं आणि पाय झाकायचे तर अडीच फूट पाच इंचांपेक्षा बरे, एवढा सरळ विचार करून मी पतंग निवडला.

वकिलाने भोरच्या बाजारपेठेतून निळी ताडपत्री आणली, शेतकरी कांद्याच्या ढिगावर टाकतात तीच. नऊ बाय बारा फूट, १२० जीएसएम, साडेसहाशे रुपये. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. ही ताडपत्री जवळपास दहा चौरस मीटरची, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. माझ्या अडीचपट जड. मी त्याची थट्टा केली. "ट्रक झाकायला आणलीस का?" असं विचारल्याचं आठवतं.

धाकट्याकडे हॅमॉकसोबत मिळालेली लहान ताडपत्री होती, साधारण सात बाय नऊ. नऊ फुटांच्या हॅमॉकवर नऊ फुटांचं कापड. "पुरेल ना रे दादा?" असं त्याने विचारलं होतं. मी पुरेल म्हणालो.

न जाणं हाही एक पर्याय होता, पण आमच्या बोलण्यात तो आलाच नाही. अलर्टला आमचं उत्तर होतं, 'ताडपत्र्या आहेत की.'

जागेवरचे निर्णय

चारच्या सुमारास पोचलो. वाडीच्या वरच्या अंगाला देवराई आहे. सरळसोट जुने वृक्ष, खाली मोकळी जमीन. बघताक्षणी मी मनात हॅमॉकचे पट्टे बांधून मोकळा झालो होतो. मामांनी माझी नजर ओळखली. "तिथं नगं. द्येवाचं रान हाय त्ये. आमी पडलेली काटकीबी न्हाई आणत तिथनं." वाद घालायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी बांधापलीकडची स्वतःची झाडं दाखवली: दोन आंबे, एक जांभूळ, तीन-चार ऐन, एक हिरडा.

धाकट्याने घाईघाईत एका झाडाला पट्टा गुंडाळायला घेतला, तोच मामा ओरडले, "आरं तो बिब्बा हाय! उतंल!" बिब्ब्याचा चीक अंगाला लागला की फोड उठतात. धोबी एकेकाळी ज्या रसाने कपड्यांवर खुणा करायचे तोच हा. आमच्या तिघांच्या मिळून चाळीस-एक ट्रेकच्या अनुभवात एकालाही ते झाड ओळखू आलं नव्हतं. धाकटा ऐन आणि हिरड्याकडे सरकला.

मी जांभूळ आणि ऐन घेतले, अंतर पंधरा फूट. वकिलाला दोन आंबे मिळाले, अंतर वीस फूट. पट्टा आडव्या रेषेशी साधारण तीस अंशांत ठेवायचा असतो, कारण त्या कोनात प्रत्येक पट्ट्यावर माणसाच्या वजनाएवढाच ताण येतो. झाडं लांब असली की पट्टा आडवा ताणून घ्यायचा मोह होतो. कोन पंधरा अंशांवर आला तर ऐंशी किलोच्या माणसाचा प्रत्येक पट्ट्यावरचा ताण दीडशे किलोच्या वर जातो. वकिलाने मोह आवरला. पट्टा सात फुटांच्या वर बांधायला त्याला दगडावर चढावं लागलं, त्यावरही आम्ही हसलो.

त्या संध्याकाळचा खरा निर्णय इथे झाला आणि तो कोणी घेतला नाही, तो आपोआप झाला. तीस अंशांचा पट्टा हॅमॉकच्या टोकापासून झाडाकडे चढत जातो. माझ्या पतंगाचा कणा चौदा फुटांचा आणि झाडं पंधरा फुटांवर, म्हणजे कापडाची टोकं जवळपास झाडालाच भिडलेली. तिथे पट्टा आधीच पावणेसहा फुटांवर होता. ताडपत्री त्याच्या वर राहायला हवी, म्हणून माझा कणा सव्वासहा फुटांवर गेला. वकिलाचा कणा बारा फुटांचा आणि झाडं लांब, त्यामुळे त्याच्या कापडाखाली पट्टा पाच फुटांच्या आसपास होता. त्याने कणा सव्वापाच फुटांवर बांधला. आत शिरताना त्याला वाकावं लागत होतं. मी माझ्या छपराखाली ताठ उभा राहून चहा प्यायलो आणि मला ते फार आवडलं होतं.

आता कडेचा हिशेब. वकिलाचं कापड कण्यापासून दोन्हीकडे साडेचार-साडेचार फूट, डोक्यापासून पायापर्यंत सारखं. पंचेचाळीस अंशांत उतरवल्यावर त्याची पागोळी जमिनीपासून दोन फुटांवर आली, झोपलेल्या माणसाच्या खाली. माझ्या पतंगाला मधोमध भरपूर कापड होतं, पोटावर सात फूट उतार. पण पतंग टोकाकडे निमुळता होतो. पायाशी पोचेपर्यंत कडा जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर आणि पाय तिच्या फूटभर खाली. समोरून आलेला वारा अडीच फुटांच्या टोकामुळे अडतो, बाजूने आलेला मधल्या उताराने अडतो. चारी उपदिशांकडून मात्र पतंगाची तिरपी कड थेट उघडी असते. नंतर कागदावर मोजलं तेव्हा कळलं, की त्या बाजूने पाऊस चाळीस अंश तिरपा झाला की पाय भिजायला सुरुवात होणार. ते गणित आदल्या रात्री पेन्सिलीने दहा मिनिटांत झालं असतं.

रात्री काय झालं

आठ वाजून दहा मिनिटांनी पहिली वीज दिसली. मी मोजले. गडगडाट बाराव्या सेकंदाला आला. आवाजाला एक किलोमीटर कापायला तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज चार किलोमीटरवर होती. वीज आणि गडगडाटात तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर पक्क्या घरात जायचं, हा नियम मला पाठ होता. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेची सूचना देणारं 'दामिनी' ॲपही फोनमध्ये होतं, पण त्या खोऱ्यात नेटवर्कचा पत्ता नव्हता. मामा बॅटरी घेऊन बांधापर्यंत आले. "पोरांनो, उठा की. पडवीत या. ह्यो पाऊस बरा न्हाई." धाकटा लगेच उठला. त्याच्या लहान ताडपत्रीने पहिल्या पाच मिनिटांतच हार मानली होती, झोपायची पिशवी दोन्ही टोकांकडून ओली झाली होती.

वकील आणि मी थांबलो.

याचं समर्थन मी करत नाही. उंच झाडांच्या मधोमध, झाडांनाच बांधलेल्या झोळीत विजा चालू असताना पडून राहणं हा सरळ मूर्खपणा होता आणि त्यात ताडपत्रीचा काही संबंध नव्हता. दोरी, कापड, गाठी यांत इतका जीव अडकला होता की 'बघू तरी टिकतं का' हा विचार विजेच्या वर गेला. आमच्या नशिबाने वीज दूर राहिली.

साडेदहाला दुसरा लोट आला. वकिलाच्या ताडपत्रीच्या वाऱ्याकडच्या कोपऱ्यातली पितळी रिंग कापडासकट उपसून निघाली. स्वस्त ताडपत्रीचं हे ठरलेलं मरण. सगळा ताण त्या अंगठ्याएवढ्या भोकावर येतो आणि विणलेलं प्लास्टिक रेघेत फाटत जातं. कोपरा फडफडायला लागला. मामा पुन्हा आले होते, या खेपेला आम्हाला शिव्या द्यायला. त्यांनी फाटलेला कोपरा हातात धरला, पायाखालचा सुपारीएवढा गोल खडा उचलला, कापडाच्या आत धरून त्याची गाठोडी केली आणि खड्याच्या मागे दोरीची सरगाठ आवळली. बैलाची वेसण बांधावी तितक्या सहज. ताण आता भोकावर न येता खड्याभोवतीच्या सगळ्या कापडावर वाटला गेला होता. तो कोपरा रात्रभर हलला नाही.

माझ्याकडे फाटाफाटी काही झाली नाही. माझं हळूहळू झालं. नायलॉन पाणी पितं आणि भिजल्यावर सैल पडतं. संध्याकाळी तबल्यासारखी ताणलेली ताडपत्री अकरा वाजता ओल्या चादरीसारखी झाली होती. उठून दोऱ्या ताणायला हव्या होत्या, पण उबेतून उठवेना. सैल कापड वाऱ्याने आपटायला लागलं, प्रत्येक आपट्यासरशी मेखेला हिसका बसत होता. चार महिन्यांच्या पावसाने वरची माती लोण्यासारखी झालेली. पावणेएकला वाऱ्याकडची मेख निघाली.

मेख निघण्याआधीच पाय ओले होते. वारा फिरून बरोबर तिरप्या कडेकडून येत होता. आणि डोक्याकडूनही पाणी आलं, ते वेगळ्याच वाटेने. जांभळाच्या खोडावरून ओघळणारं पाणी पट्ट्यावर चढलं आणि पट्ट्यावरून थेट हॅमॉकच्या तोंडात. यावर उपाय ठाऊक होता: पट्ट्याला हॅमॉकच्या अलीकडे एक दोरी लोंबती बांधायची, म्हणजे पाणी तिच्यावरून खाली ठिबकतं. मी बांधलीही होती. फक्त ती गुळगुळीत नायलॉनची होती आणि पट्ट्याला घट्ट चिकटलेली. वकिलाने साधी सुतळी बांधली होती, टोक वीतभर लोंबतं ठेवून. त्याचं डोकं कोरडं राहिलं.

एक वाजता आम्ही दोघेही पडवीत गेलो. मी पायाकडून गुडघ्यापर्यंत आणि डोक्याकडून मानेपर्यंत भिजलेला. वकील कोरडा, फक्त प्लास्टिकच्या आवाजाने त्याला झोप लागली नव्हती. घरातल्या मावशींनी न विचारता चूल पेटवली. मामा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

नंतर केलेले बदल

पहिली शंका ताडपत्रीच्या आकारमानावर गेली, मोठी घ्यायला हवी असं वाटलं. पण माझं कापड शंभर चौरस फूट होतं आणि वकिलाचं एकशे आठ. एवढ्याशा फरकाने मी भिजलो आणि तो कोरडा राहिला असं होत नाही. फरक होता तो कापड कुठे होतं आणि किती उंच होतं याचा.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. तीच चौकोनी ताडपत्री सरळ लावायची: फुकटात होणारा बदल, पण टोकांना पाचच इंच. वकिलासारखी निळी ताडपत्री न्यायची: स्वस्त, पण सव्वा किलो आणि आवाज. किंवा बारा बाय दहा फुटांची सिलिकॉन लावलेल्या पॉलिस्टरची घ्यायची. पॉलिस्टर ओलं झाल्यावर नायलॉनइतकं सैल पडत नाही. वजन जुन्यापेक्षा जरा जास्त. ही तिसरी वाट घेतली. जुनी विकली नाही, हिवाळ्यात दवासाठी ती उत्तम आहे.

बांधण्याच्या पद्धतीत जास्त फरक केला. ताडपत्री आता आधी लागते आणि हॅमॉक नंतर, म्हणजे पाऊस मध्येच आला तरी कोरड्यात काम करता येतं. कण्यासाठी झाडापासून झाडापर्यंत एकच अखंड दोरी असते आणि ताडपत्री तिच्यावर दोन प्रुसिक गाठींनी अडकते. गाठ सैल केली की सरकते, ताण आला की चावते, त्यामुळे ताडपत्री हॅमॉकच्या बरोबर वर आणायला झाड सोडावं लागत नाही. झाडं निवडताना मी पावलं मोजतो. सोळा-अठरा फूट मिळाले तर कणा खाली आणता येतो. कोपऱ्याच्या प्रत्येक दोरीत सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा आहे, तो हिसका खातो आणि कापड सैल पडलं की ते ओढून धरतो. मऊ मातीत मेखेवर भरवसा नाही, मेखेवर जड दगड ठेवायचा किंवा दोरी सरळ एखाद्या मुळाला बांधायची.

पुढच्या वर्षी जूनच्या शेवटी, मॉन्सून स्थिरावल्यावर आणि आभाळात विजा नसताना, त्याच आंब्यांच्या जोडीला मी नवी ताडपत्री लावली. कणा सव्वापाच फुटांवर, पागोळी गुडघ्याच्या उंचीला. रात्रभर पाऊस चालू होता. वरून एक थेंब आला नाही. पण कोरडा राहिलो असंही म्हणता येणार नाही. कापड इतकं खाली आणल्यावर हवा खेळत नाही, घाटातलं धुकं आत येऊन बसतं, आणि सकाळी पांघरूण दमट लागत होतं. खालून गारठाही लागला. पाठीखाली कॅरीमॅट होती, ती रात्रीत तीनदा सरकली. त्यावर अजून समाधानकारक तोड सापडलेली नाही.

आता वेगळं काय करू

अलर्ट असताना जाऊ का? ऑक्टोबरमध्ये जाऊ, पण झोपायची जागा आधी पक्की करून, आणि ती झाडाखालची नसेल. आता आमचा नियम असा, की पहिला गडगडाट ऐकू आला की सेकंद न मोजता उठायचं. मोजायला बसलं की माणूस त्या आकड्याशी घासाघीस करायला लागतो, हे मी स्वतःवरून सांगतो. पडून राहून 'बारा म्हणजे लांब आहे' असं मी खरोखर म्हणालो होतो.

धाकट्याला 'पुरेल' म्हणालो, त्याऐवजी घराच्या गच्चीवर एकदा त्याचा हॅमॉक टांगून वरून बादलीभर पाणी ओतायला हवं होतं. तो अजून दर ट्रेकला त्याची आठवण काढतो.

वकिलाने ताडपत्री बदलली नाही. त्या कोपऱ्यात मामांनी बांधलेला खडा अजून आहे, आणि उरलेल्या तीन कोपऱ्यांतही आता त्याने खडे बांधलेत.

यंदा ऑक्टोबरात पुन्हा त्याच वाडीत गेलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. या खेपेला हॅमॉक पडवीतच टांगू का, असं मी मामांना विचारलं. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. झोळीचा ओढा उभ्या खांबाला आडवा बसतो, ऐंशी किलोच्या माणसाचा तीस अंशांत जवळजवळ सत्तर किलो. ते आकडे मी सांगितले नाहीत आणि त्यांना ते लागणारही नव्हते. दोन्ही खांबांना खांदा लावून त्यांनी हलवून पाहिलं, डावीकडच्या खांबाच्या बुडाशी बोटाने उकरून थोडी कुजकी लाकडाची भुकटी काढली आणि म्हणाले, "ह्यो नगं. त्यो आतला घ्या."